देठाखालचा रंग

वांग्याची जात रंगावरून ओळखू पाहणारा हमखास फसतो. एकाच झाडावर पानांच्या सावलीत वाढलेले फळ फिकट आणि उन्हात लोंबलेले गडद जांभळे निघू शकते. तेच फळ तोडायचे राहून गेले की पिवळसर तपकिरी पडते, आणि मग ते कोणत्या जातीचे हे मुरलेल्या भाजीवालीलाही सांगता येत नाही. जात ओळखायची ती काटा, गर, देठ आणि फूल यांवरून. या खुणा माणसाला एकदम कळत नाहीत, वयाप्रमाणे एकेक कळत जातात; अर्थात घरामागे परस असेल तर.

पेण तालुक्यातल्या हमरापुरात अजून बऱ्याच घरांना असा परस आहे. दिवा-रोहा लोहमार्गावर जिते आणि पेण यांच्या मधले हे स्थानक. शेजारच्या जोहे गावाबरोबर हमरापूरचे नावही गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी मुंबईपर्यंत घेतले जाते. इथले वर्ष भात आणि गणपती या दोघांच्या तालावर चालते आणि वांग्याला या दोघांमधून जागा काढावी लागते. कोकणच्या पावसात मुळाशी पाणी साचले की वांग्याचे झाड बसलेच म्हणून समजावे. म्हणून श्रावणात पडवीच्या आडोशाला गादीवाफ्यावर किंवा फुटक्या घमेल्यात बी टाकायचे, पाचसहा आठवड्यांत रोपे वीतभर झाली की पाऊस ओसरता ओसरता, गणपती गेल्यावर, परसात लावायची. पागोळ्यांच्या रेषेत मात्र कधीच लावायची नाहीत. लावणीनंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी पहिली तोडणी होते, म्हणजे मार्गशीर्ष येतो. चातुर्मासात वांगे वर्ज्य असते. त्याआधी आषाढातल्या कांदेनवमीला ते पोटभर खाऊन घ्यायचे आणि नंतर चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाला दाखवून पुन्हा सुरुवात करायची, असा रिवाज आहे. पावसाळी वांग्यात कीड फार म्हणून ते सोडायचे, असे त्याचे कारण सांगतात. ते खरे असो वा नसो, परसातले नवे फळ आणि चंपाषष्ठी यांची गाठ मात्र बरोबर पडते.

लहान मुलाला पहिल्यांदा कळतो तो काटा. दुपारी चार वांगी खुडून आणायला पाठवलेले पोर बोटे चोखत परत येते. काटे देठावर असतात, फळाला धरून ठेवणाऱ्या हिरव्या टोपीवर असतात आणि काही गावठी वाणांत पानांच्या शिरांवरही असतात. फळ मुठीत धरून ओढायचे नसते, देठ कातरून घ्यायचा असतो, ही अक्कल काटा टोचल्यावरच येते. मग ते पोर रानातही तोच काटा ओळखू लागते. बांधावरची डोरली, जमिनीला चिकटून पसरणारी भुईरिंगणी आणि परसातले वांगे यांची पाने, फुले, काटे एकाच घराण्यातले आहेत हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. डोरली आणि भुईरिंगणी वैद्यांच्या दशमुळांत मोडतात. लागवडीच्या वांग्याचा जवळचा रानटी पूर्वज मात्र तिसराच, सोलॅनम इन्सॅनम नावाचा. तो भारतीय उपखंडात आजही माळावर आणि रस्त्याकडेला उगवतो, काटेरी असतो आणि त्याला लहान, कडू फळे धरतात. माणसाने हजारो वर्षे निवड केली ती प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी: काटे कमी व्हावेत आणि कडूपणा जावा. निवड अर्धवट राहिली तिथे गावठी वाण तयार झाले. त्यांच्या काट्यांबद्दल तक्रार करणाऱ्या घरांतच त्यांच्या चवीची स्तुतीही ऐकू येते.

मुलांना वांगे आवडत नाही, हे जवळजवळ घरोघरचे सत्य आहे. याला रायगडात एक अपवाद आहे, तो पोपटीचा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, वर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी आणि मसाला भरलेली छोटी वांगी रचतात. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-लाकडांचा जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांच्या वाफेवर आणि पाल्याच्या वासावर सगळे शिजते. एरवी ताटात वांगे बाजूला सारणारे पोर इथे हात भाजत मडक्यात वांगे शोधते. पोपटीसाठी वांगे लहान, घट्ट आणि बी न धरलेले लागते. मोठे घातले तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. कोणते वांगे कशासाठी, हा पहिला धडा असा शेकोटीशी मिळतो.

पुढचे धडे चुलीजवळ मिळतात आणि त्यांत गर आणि बी कळते. अंगठ्याने हलके दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर फळ कोवळे. तसाच राहिला तर आत बी तयार झालेले. कापल्यावर दिसणारे पांढरट, मऊ बी चालते, तपकिरी बी झाले की भाजी कडवट लागते. कापलेला गर काळा पडतो तो त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या द्रव्यांवर हवेची क्रिया होऊन, म्हणून विळीवर चिरलेले वांगे थेट पाण्यात टाकतात. गर किती आणि बी किती या प्रमाणावर महाराष्ट्राने आपल्या वांग्यांची वाटणी केलेली आहे. पुण्याजवळच्या मांजरीचा गोटा गोल, जांभळ्यावर पांढरे पट्टे असलेला, मसाला भरून रश्शात टिकणारा. कृष्णाकाठचे सांगली-साताऱ्याकडचे वांगेही भरण्यासाठीच नावाजलेले. जळगावचे भरिताचे वांगे मोठे, फिकट हिरवे, पातळ सालीचे आणि कमी बियांचे. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यात आगशीच्या वांग्यालाही ते मिळाले आहे. मांजरीचा गोटा काटक्यांवर भाजून भरीत करणे आणि जळगावचे वांगे भरून शिजवणे या दोन्ही गोष्टी शक्य आहेत, पण दोन्हींत वांग्याचा अपमान आहे. रायगडच्या खारेपाटात वांग्याची खरी जोडी सुक्या मासळीशी. सुके बोंबील किंवा जवळा यांच्याबरोबर शिजताना वांग्याने खारटपणा शोषून घ्यावा आणि तरी फोड मोडू नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी मध्यम आकाराचे, जाड सालीचे वांगे घ्यावे.

नोकरीनिमित्त पनवेल, ठाणे, मुंबई गाठलेल्या माणसाचा वांग्याशी संबंध पिशवीपुरता उरतो. भाजीबाजारात संकरित वांगी एका मापाची, चकचकीत आणि बिनकाट्याची येतात. ती वाईट नसतात. लांबच्या वाहतुकीसाठी आणि भरघोस उत्पन्नासाठी ती तयार केलेली असतात, आणि त्या कामाला ती उतरतात. फक्त त्यांच्यावरून गाव ओळखता येत नाही. याच काळात मॉलच्या फळीवर लांब, फिकट जांभळे वांगे प्लास्टिकमध्ये गुंडाळून येऊ लागते आणि वांगे म्हणजे आपलेच, हा समज पहिल्यांदा हलतो.

पुरता तो हलतो परदेशात. हमरापूर-जोह्याच्या मूर्ती गणेशचतुर्थीच्या कितीतरी आधी बोटीने निघतात आणि अमेरिकेपासून मॉरिशसपर्यंत मराठी घरांत बसतात. त्या घरांच्या मागच्या अंगणात उन्हाळ्यात वांग्याची दोनतीन झाडे हटकून असतात. थंड हवेत वांगे हट्टी असते. रात्री गारठा असेल तर झाड वाढत नाही आणि दहिवर गोठले की मरते, म्हणून बी घरात, उबेला, लावणीच्या सातआठ आठवडे आधी रुजवावे लागते. बियाण्याच्या पाकिटांवर आशियाभरची नावे असतात, आणि इथे देठाची खूण उपयोगी पडते. जपानी नासू साधारण वीतभर किंवा त्याहून आखूड, काळपट जांभळे; त्याचा देठ आणि टोपीही जांभळी. क्योतोचे कामो नासू मात्र गोल, मुठीत न मावणारे. चिनी आणि तैवानी वांगी हातभर लांब, सडपातळ, उजळ जांभळी. तैवानच्या पिंगतुंग भागाचे लांब वांगे यांत प्रसिद्ध आहे. त्यांची साल इतकी पातळ असते की सोलावी लागत नाही आणि बी नावालाच असते. भरल्या वांग्यासाठी ती अगदीच निरुपयोगी; मसाला भरायला पोटच नाही. तेलात परतून काचऱ्या करायला यांच्याइतकी चांगली वांगी नाहीत. थायलंडचे हिरवे-पांढरे, लिंबाएवढे गोल मखुआ प्रो तिथे कच्चेच तिखट चटणीबरोबर खातात. मराठी गृहिणी ते पाहताच त्याला चार चिरा देते, आणि तिचे चुकत नाही, कारण पट्टे, गोलाई आणि हिरवी टोपी यांनी ते आपल्याकडच्या गोट्याचेच भाऊबंद वाटते. थाई रश्शात पडणारी वाटाण्याएवढी मखुआ फुआंग ही मात्र वांगी नव्हेत. ती सोलॅनम टॉर्व्हम नावाच्या वेगळ्या झुडपाची फळे.

शंका उरली तर टोपीचा एक पाळा नखाने उचलून खालची साल पाहावी. काही जातींत ती शुभ्र निघते. त्या जातींचा जांभळा रंग उजेडावाचून चढत नाही, आणि पानाआड वाढलेले त्यांचे फळ फिकट राहते. काही जातींत झाकलेल्या भागातही रंग उतरलेला असतो. त्यांना सावली बाधत नाही. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली, बाहेरून सारखीच काळीभोर दिसणारी दोन वांगी अशी क्षणात वेगळी पडतात. पाकिटावरच्या नावापेक्षा या पाळ्यावर जास्त भरवसा ठेवावा.

निवृत्त होऊन परसात परतलेल्या माणसाला सवड असते, आणि फूल बघायला सवडच लागते. वांग्याच्या जांभळ्या फुलात मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो. त्यातून स्त्रीकेसराचे टोक बाहेर आले असेल तर ते फूल बहुधा फळ धरते, केसरांच्या उंचीला असले तरी धरते, आत खोल आखूड राहिले असेल तर गळते. फुलगळ झाली की घाईने औषध आणणाऱ्याने आधी गळालेली फुले तळहातावर घेऊन एवढे पाहावे. परागकण पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून पडतात आणि ते पडायला फूल थरथरावे लागते. मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारून गुणगुणतो तेव्हा तो हेच काम करत असतो. मधमाशीला ते जमत नाही. वारा आणि फुलाचे स्वतःचे परागण यांवर पीक येतेच, तरी भुंगा आला की एका वाणाचा पराग दुसऱ्यावर जातो. हौसेने मांजरी गोट्याशेजारी जपानी नासू लावणाऱ्याला पुढच्या वर्षी स्वतःच्या बियांतून पट्टेरी लांबोडकी, अर्धवट काटेरी मंडळी मिळतात ती यामुळे. वाण शुद्ध ठेवायचा तर फूल उमलण्याआधी कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि सकाळी देठाला टिचकी मारावी.

याच वयात रोगही नीट ओळखू येतात. हिरवेगार झाड दुपारी माना टाकते, संध्याकाळी सावरल्यासारखे होते आणि दोनचार दिवसांत मरते, तेव्हा ती जिवाणूजन्य मर असते. कोकणच्या आम्ल, ओलसर जमिनीत ती मुक्काम करून राहते. खोड तिरके कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरले तर कापातून दुधाळ धागा उतरतो, हा तिचा पक्का पुरावा. तिथे पुन्हा वांगी, टोमॅटो, मिरची लावू नये. अर्का निधी, अर्का केशव आणि केरळ कृषी विद्यापीठाची सूर्या, हरिता या जाती या मरेपुढे टिकतात. दुसरा उपाय कलमाचा: मघाच्या त्या सोलॅनम टॉर्व्हमच्या खुंटावर आपल्या आवडीच्या वांग्याचे कलम बांधायचे. पाने बारीक होऊन झुपका झाला तर तो तुडतुड्यांनी आणलेला पर्णगुच्छ; झाड उपटून जाळणे एवढेच हाती असते. सगळ्यांत चिवट शत्रू शेंडे आणि फळे पोखरणारी अळी. सुकलेला शेंडा दिसताच अळीसकट खुडून नष्ट करावा आणि कामगंध सापळा टांगावा. परसातल्या पाचपंचवीस झाडांना हे पुरते, शेतकऱ्याच्या एकरभर रानाला पुरत नाही. तो मात्र फवारणीने टेकीला येतो. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याचा वाद या अळीतूनच उभा राहिला. ऑक्टोबर 2009 मध्ये तांत्रिक समितीची मान्यता मिळाली, 9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली आणि तिथे ते पिकते.

बियाण्यासाठी झाडही निवडावे लागते आणि फळही. निरोगी झाडावरचे दुसऱ्या-तिसऱ्या बहरातले चांगले फळ, ओळखीची चिंधी बांधून, पिवळे-तपकिरी होईपर्यंत राखावे. मग ते फोडून गर पाण्यात चोळावा. पोकळ बी तरंगते, ते ओतून द्यावे; तळाशी बसते ते घ्यावे. चीनमध्ये सहाव्या शतकात जिया सस्ये याने लिहिलेल्या ‘चिमिन याओशू’ या शेतीग्रंथात वांग्याच्या बियाण्याची हीच रीत आहे: पिकलेले फळ फोडून धुवावे, बुडालेले बी घेऊन लगेच सुकवावे. कोकणात अशा ग्रंथाची गरज कधी पडली नाही. परसात काम करणाऱ्या बायका तेच करत आल्या. धुतलेले बी कागदावर ठेवू नये, चिकटते. सुपात किंवा ताटात विरळ पसरून सावलीत सुकवावे, राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि वर वाणाचे नाव, साल लिहावे. कोरड्या हवेत वांग्याचे बी चारपाच वर्षे उगवते. खाडीकाठच्या दमट हवेत त्याचा भरवसा एवढा नसतो, म्हणून निम्मे बी वापरावे आणि निम्मे ठेवावे. झाडे उन्हाळ्यात थकली तर वैशाखात फांद्या छाटून, शेणखत घालून पाणी दिल्यास ती पुन्हा फुटतात. मात्र पाऊस सुरू झाल्यावर खालच्या खाचरालगतची उपटून टाकावीत आणि उंचवट्यावरची तेवढी राखावीत.