मोटारी बंद करून

सभागृहातले दिवे मालवले की पडद्यावर आधी धूळ उमटते. सप्टेंबर २००१ मधली, न्यूयॉर्कच्या कोसळलेल्या मनोऱ्यांची ती राखाडी, जड धूळ. आणि तिच्यात शिरणारा, बुटाच्या खोक्याएवढा, पट्ट्यांवर सरपटणारा रोबो, मागे केबलची शेपटी, पुढे चतकोर उजेड. ढिगाऱ्यात माणसं शोधायला रोबो उतरल्याची ही पहिली नोंद. जिथं माणूस मावत नव्हता आणि कुत्राही, अशा फटींत रोबोतज्ज्ञ रॉबिन मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यंत्रं सोडली होती. त्यांना एकही जिवंत माणूस सापडला नाही. दर व्याख्यानात मी हे वाक्य म्हणतो, आणि दर वेळी घसा कोरडा पडतो.

मग फळ्यावर चौकोन आणि बाण येतात. रोबोच्या आत एकच मोठा प्रोग्राम नसतो, लहान लहान अनेक असतात: एक कॅमेऱ्यातून पाहतो, एक मोटारी फिरवतो, एक अंधारात चाचपडत नकाशा काढत जातो, आणि शेतात जागलीला गेलेल्या माणसांनी रात्रभर एकमेकांना हाळी द्यावी तसा प्रत्येक जण ठरल्या क्षणाला ‘मी आहे, मी आहे’ एवढाच निरोप धाडत राहतो. आम्ही त्याला हार्टबीट म्हणतो. तो चुकला की जागीच थांबायचं. बाहेरच्या माणसाशी संपर्क तुटला तर आल्या वाटेनं मागं यायचं, शेवटचा शब्द जिथं ऐकू आला होता तिथवर. हे प्रोग्राममध्ये लिहिताना माझी बोटं थबकतात. कुणाच्या तरी छातीतले ठोके शोधायला निघालेल्या यंत्राला आधी स्वतःचे ठोके जपायला शिकवावं लागतं.

लातूरच्या एका महाविद्यालयात हेच सांगत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा विषय तिथं काढायचा नाही, असं मनाशी ठरवून गेलो होतो. ज्यांचं गेलं त्यांच्या अंगणात उभं राहून पाहुण्यानं काय बोलावं? मी आपला माइकची अडचण सांगत राहिलो. रोबो चालतो तेव्हा त्याच्या कानाला त्याचीच घरघर ऐकू येते. मग ती घरघर गाळून काढण्याची गणितं दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, पांगली.

माइकची वायर गुंडाळत एक मामा मागं राहिले होते. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा, दाव्यासारखी वेटोळी घालत.

‘‘सर, आम्ही किल्लारीकडचे,’’ ते म्हणाले.

गणपती बोळवून गाव नुकतं आडवं झालं होतं. पहाटे ३.५६ ला दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, आणि उन्हाळ्यात ज्या मातीनं घरात गारवा धरला होता, ती माळवदाची सगळी माती निजलेल्या माणसांवर आली. ‘‘लई माती, सर. आन् वर आम्ही सगळे रडायलो, वरडायलो. आतलं काय ऐकू येणार? मंग आमच्या आबानं हात वर केला. म्हणला, रडू नगा. गप ऱ्हावा.’’

वायरीचं शेवटचं वेटोळं त्यांच्या हातातच राहिलं.

‘‘मंग आला आवाज. बहीण हुती.’’

मोठी बचाव पथकं ढिगाऱ्यावर यंत्रं थांबवून शांतता पाळतात, हे मी वाचलं होतं, शिकवतही होतो. पण ज्या माणसाचं सगळं घर खाली आहे त्यानं आपला हंबरडा गिळून गाव गप्प करायचं, याला किती बळ लागत असेल, हे कुठल्याच पानावर नव्हतं. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर तुरीची काळी रानं मागं सरकत होती, एखाद्या वस्तीवरचा दिवा लांबवर जवळ येई आणि विझल्यासारखा निघून जाई, आणि मला माझी सगळी गणितं फार बडबडी वाटत होती.

आता आमचा रोबो थोडं अंतर गेला की थांबतो. मोटारी बंद, पंखा बंद, वीस सेकंद नुसता कान. प्रोग्राममध्ये त्या ओळीशेजारी मी टीप म्हणून एकच शब्द लिहिला आहे: आबा.