राखून ठेवलेली ताकद

मेलबर्नहून ईशान्येला तासाभराच्या अंतरावर हील्सव्हिल नावाचं गाव आहे. रविवारी तिथल्या बेकरीसमोर मोटरसायकलींची रांग लागते. गेल्या महिन्यात त्या रांगेजवळ उभं राहून मी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपारचा एक, तिकडे सकाळचे साडेआठ. मावसभाऊ चहा पीत बसला होता. त्याला सगळ्या गाड्या दाखवल्या आणि शेवटी माझी निळी यामाहा आर वन.

"आक्का, किती पळती गं ही?"

"तीनशेच्या जवळपास."

"आणि तू कितीनं पळवतीस?"

"रस्त्यावर शंभर. हायवेला एकशेदहा."

त्यानं कप खाली ठेवला. "मग घेतलीस कशाला एवढी?"

हाच प्रश्न मला ऑफिसमधल्या लोकांनी विचारलाय, शेजाऱ्यांनी विचारलाय, आईनं तर दर फोनला विचारलाय. त्या दिवशी भावाला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

आधी गाडीबद्दल. इंजिन ९९८ सीसीचं, ताकद २०० अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन पेट्रोलसकट जवळपास २०० किलो. म्हणजे एका किलोमागे एक घोडा. शून्यापासून शंभरचा वेग ती तीनेक सेकंदांत गाठते आणि तेव्हा ती अजून पहिल्याच गिअरमध्ये असते. तो गिअर दीडशेच्या घरात जाऊन संपतो. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात कायद्यानं मिळणारा सगळ्यात मोठा वेग ११०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांना १००, वस्तीत ५०, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी शाळेसमोर ४०. या राज्याचा अख्खा वेगाचा कायदा माझ्या गाडीच्या पहिल्या गिअरमध्ये मावतो.

वेगाला कुठेतरी आवर हवा हे गाड्या बनवणाऱ्यांनाही कळलं होतं. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा आली आणि तिनं तीनशेचा आकडा ओलांडला. युरोपात अशा गाड्यांवर बंदी घालायची चर्चा सुरू झाली, तेव्हा कंपन्यांनी आपसात समजूत करून वरचा वेग २९९ वर बांधून टाकला. पण २९९ ही कारखान्यानं घातलेली वेस झाली. चालवणाऱ्यानं स्वतःला घालायची वेस वेगळी आणि ती मी कोल्हापुरात शिकले.

माझे आजोबा पैलवान. शाहू महाराजांनी बांधलेल्या आणि १९१२ मध्ये पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानात त्यांनी कुस्त्या केलेल्या. मी पाहिले ते साठी ओलांडलेले, तरी मान आणि खांदे तसेच होते. आमची गल्ली अरुंद. समोरून कुणी डोक्यावर घागर घेऊन आलं की आजोबा भिंतीकडे पाठ करून आडवे उभे राहायचे आणि त्या बाईला पुढे जाऊ द्यायचे. तालमीतली नवी पोरं रस्त्यानं छाती काढून चालली की त्यांना हाक मारून थांबवायचे. म्हणायचे, "रग तालमीच्या हौद्यात काढायची. गल्लीत माणसासारखं चालायचं."

मेलबर्नमध्ये २०१७ साली मी मोटरसायकलचा शिकाऊ परवाना काढला. त्यासाठी दोन दिवसांचा अभ्यासक्रम, गाडीच्या मागे 'एल'ची पाटी, अंगात झगझगीत पिवळं जाकीट. नव्या चालकाला इथे वाटेल ती गाडी मिळत नाही. ६६० सीसीच्या आत आणि वजनाच्या एका टनामागे १५० किलोवॅटच्या आत बसतील अशाच गाड्या चालवायच्या, परवाना पक्का झाल्यावरही तीन वर्षं. मी केटीएम ३९० घेतली. तिच्या कागदांवर 'भारतात तयार' असं वाचलं आणि ती चाकणच्या कारखान्यातली असल्याचं लक्षात आल्यावर दुकानातच डोळे भरून आले. आम्ही दोघी एकाच मुलखातून इथे आलो होतो.

पहिल्याच वर्षी तिच्यावर मला दंडाचं पत्र आलं. साठच्या रस्त्यावर सदुसष्ट. इथे रस्त्याकडेला उभ्या साध्या मोटारीतसुद्धा कॅमेरा असतो आणि तो मोटरसायकलच्या मागच्या पाटीचा नंबर टिपतो. तीन वर्षांत बारा दोषांक झाले की परवाना जातो. त्यातला एक माझ्या नावावर पडला. वाईट पैशांचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की सात किलोमीटर मला जाणवलेच नव्हते.

त्या रात्री मी गणित मांडलं. या राज्यात २००१ पासून 'वाइप ऑफ फाइव्ह', म्हणजे फक्त पाच कमी करा, अशी मोहीम चालत आलीय. पाचानं काय होतं ते मला स्वतः पाहायचं होतं. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेलेच. पुढे कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की आणखी सुमारे १८ मीटर. म्हणजे साठचा चालक ४३ मीटरवर थांबतो. आता पासष्टचा चालक घ्या. डोळे तेच, हात तोच, ब्रेक तोच. जिथे पहिला पूर्ण थांबलाय, तिथे हा अजून ताशी तीसच्या वर चाललेला असतो. वरचा पाचचा फरक खाली येईपर्यंत तीसचा होतो, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ते तीस समोरच्या पोराला लागतात. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

१९७० साली या राज्यात रस्त्यावर १०६१ माणसं मेली. त्याच वर्षी जगात सगळ्यात आधी इथे मोटारीत सीटबेल्ट सक्तीचा झाला. तेव्हापासून वस्ती दुप्पट झाली आणि वर्षाचे मृत्यू तीनशेच्या आसपास आले. पन्नास वर्षं या लोकांनी एकेका नियमाचा पिच्छा पुरवला, म्हणून मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण आज रात्री घरी पोचतो. दंडाच्या पत्राकडे मी तेव्हापासून याच नजरेनं पाहते.

मर्यादेत चालवणं सोपं आहे असं मात्र कुणी समजू नये. आर वन शर्यतीसाठी घडवलेली गाडी. ताशी पन्नासला समोरून वारा पुरेसा लागत नाही, त्यामुळे छातीचा भार उचलला जात नाही आणि तो सगळा मनगटांवर येतो. उन्हाळ्यात सिग्नलला इंजिनची धग मांड्या भाजते. मग शरीरालाच शिकावं लागतं. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आवळायचं, कोपर सैल सोडायचे. मूठ पिळताना हात एका धाग्यानं बांधल्यासारखा हलला पाहिजे, कारण इथे मूठ जरा जास्त फिरली तर मर्यादेपेक्षा पंचवीस वर जायला क्षणही लागत नाही आणि मग परवाना निदान तीन महिने जमा. छोट्या गाडीवर चूक खपून जाते. मोठ्या गाडीवर कायम जागं राहावं लागतं.

शहरात ट्रामचे रूळ असतात. पावसात ते साबणासारखे होतात, म्हणून ते शक्य तितके काटकोनात ओलांडायचे आणि तेवढ्या वेळात ना ब्रेक, ना मूठ. मधल्या भागात काही चौकांत उजवीकडे वळायचं तर डाव्या कडेला जाऊन, चौकात पुढे थांबून, आडवा सिग्नल सुटेपर्यंत वाट पाहायची. थांबलेल्या मोटारींमधून पुढे सरकायला २०१५ पासून परवानगी आहे, पण तिशीच्या आत. या शहरात मी दोनशे घोडे माणसाच्या धावण्याच्या वेगानं चालवते आणि त्यात खरंच कसब लागतं.

खरा आनंद हील्सव्हिलच्या पुढे, ब्लॅक स्परवर. रस्ता डोंगर चढत मेरीजव्हिलकडे जातो. दोन्ही बाजूंना माउंटन ॲश जातीची निलगिरीची झाडं. फुलं येणाऱ्या झाडांत जगातल्या सगळ्यात उंच जातींपैकी एक. खाली माणसापेक्षा उंच नेचे. ऊन कवडशाकवडशानं पडतं, त्यामुळे ओलं कुठे आणि कोरडं कुठे ते नजरेला लगेच कळत नाही. अशा वळणावर वेगाच्या काट्याकडे पाहायला वेळच नसतो. रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जिथे मिळताना दिसतात, त्या जागेवर नजर ठेवायची. ती जागा पुढे पळत असेल तर वळण उलगडतंय. ती आपल्याकडे धावून येत असेल तर वळण आवळतंय, वेग आत्ता कमी करायचा. डावीकडे वळायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी आपण होऊन डावीकडे झुकते. उजव्या वळणाला लेनच्या डाव्या अंगाला राहायचं, कारण चाकं आपल्या लेनमध्ये असली तरी झुकलेलं डोकं मधल्या रेषेपलीकडे, समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत जाऊ शकतं. हे सगळं साठ-सत्तरच्या वेगात चालतं. तो वेग मला कधी कमी वाटला नाही.

अमेरिकन पत्रकार निक आयनाच यांनी १९९१ साली 'द पेस' नावाचा लेख लिहिला होता. सरळ रस्त्यावर शांत राहा, वळणात शिरण्याआधीच वेग ठरवा, आपली लेन सोडू नका, शर्यत ट्रॅकसाठी ठेवा, असं त्याचं सार. तो वाचताना मला आजोबांचा हौदा आठवला.

माझा हौदा म्हणजे फिलिप आयलंड. मेलबर्नपासून दीड-दोन तासांवर, समुद्राच्या कडेला ४.४४५ किलोमीटरचा ट्रॅक. १९८९ साली मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेची फेरी पहिल्यांदा तिथे झाली आणि ती याच देशाच्या वेन गार्डनरनं जिंकली. ठरलेल्या दिवशी पैसे भरून आपल्यासारख्यांनाही तिथे जाता येतं. वर्षातून दोनदा मी जाते. गार्डनरच्या नावाच्या सरळ पट्ट्यावर मूठ पूर्ण उघडते. २४० चा आकडा दिसतो, समुद्र नुसती निळी रेघ होतो. तिथे सगळे एकाच दिशेला जातात, समोरून कुणी येत नाही, कडेला झाड नाही आणि रुग्णवाहिका तयार उभी असते. पडलेच तर मी पडेन. जिची घागर सांडेल अशी कुणी बाई तिथे नसते. संध्याकाळी कॅरॅव्हॅनच्या मागे ऐंशीनं घरी येते तेव्हा अंगातली रग निवलेली असते.

गेल्या शरदातली एक सकाळ सांगते. आदल्या रात्री स्परवर वारा झाला होता. एका डाव्या वळणात कडांची जागा माझ्याकडे धावून आली, तसा मी वेग पंचावन्नवर आणला. वळण उलगडलं आणि समोर माझ्याच लेनमध्ये माउंटन ॲशची दोन माणसं लांब साल पडलेली. सत्तरीचे एक सायकलस्वार आजोबा ती दोन्ही हातांनी कडेला ओढत होते. त्यांची सायकल कठड्याला टेकवलेली. माझी गाडी त्यांच्या अलीकडे दोन मोटारींएवढ्या अंतरावर थांबली. मी उतरले, सालीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती नेच्यांत टाकली. त्यांनी हात पँटला पुसले, मान हलवली आणि सायकलवर बसले. त्या वळणावरची पाटी मला पंचावन्नपेक्षा जास्त वेग देत होती. तो मी घेतला असता तर कायदा मोडला नसता, पण ते दोन मोटारींएवढं अंतर उरलं नसतं. त्या अंतरात एक माणूस उभा होता.

म्हणून भावाला आता सांगते. आजोबा रोज पहाटे पाचशे जोर मारायचे आणि गल्लीत घागरवालीसाठी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. गल्लीत कुणाला आपटायचं नव्हतं तर एवढे जोर कशाला मारले, असं त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नाही. बघणाऱ्याला दिसायचं, हा माणूस बाजूला सरतोय आणि ती बाई निर्धास्त चाललीय.