शिकारी देवाच्या गडावर

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून निघालेली बस द्रुतगती मार्गाला लागली, तेव्हा शेजारच्या काकींच्या मांडीवर लाल फडक्यात देव्हाऱ्यातले टाक होते. त्यांतला एक त्यांनी उलगडून दाखवला: घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, देवाच्या हाती खड्ग आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. माघ पौर्णिमेला मुंबई-रायगडचे कोळी हे टाक घेऊन जेजुरीला जातात, कऱ्हेच्या पाण्यात त्यांना अंघोळ घालतात.

खाडीकाठच्या माणसांचं कुलदैवत घोडेस्वार कसं, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, "देव घोऱ्यावर बसून शिकारीला जातो, आमी होरीत बसून." मला हे उत्तर पूर्ण पटलं.

हडपसर मागे पडलं, दिवे घाटात उजाडलं. खाली मस्तानी तलाव, वर सासवडचं कोरडं पठार. इथं आल्यावर हा देव मेंढपाळांचा आणि रानाचा का, ते डोळ्यांना दिसतं. लोकगीतांतला खंडोबा शिकारीचं निमित्त काढून घराबाहेर पडतो आणि धनगराच्या बाणाईवर भुलतो. म्हाळसेशी सारीपाटाचा डाव हरून बारा वर्षं घर सोडतो, बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखतो. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर या देवामागे वर्षानुवर्षं हिंडले. राजा, शिकारी आणि मेंढक्या एकाच अंगात नांदवणारा देव आपल्याकडे दुसरा कोणता?

जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाई भेटते. म्हाळसा वर, देवाजवळ. वाटेत देवानं मारलेल्या मणी दैत्याचंही स्थान आहे. मरताना त्याला पश्चात्ताप झाला, त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागून घेतली, असं सांगतात. म्हणजे देव शिकारीला निघतो तो शत्रूच्या घोड्यावर. बोकडाचा मान मणीचा. वर खंडोबाला नैवेद्य शाकाहारी.

दीपमाळांमधून पुढं गेलो की अंगण पिवळंधमक. पितळी पत्र्यानं मढवलेल्या भल्यामोठ्या कासवावर तळी भरली जात होती. भंडारा, खोबरं, सुपारीचं ताट सगळ्यांनी मिळून उचललं आणि "सदानंदाचा येळकोट" घुमला. कडेला एक वाघ्या भंडाऱ्याची पिशवी सावरत उभा होता. पूर्वी ही पिशवी वाघाच्या कातड्याची असे, आणि वाघ्ये देवापुढं कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न तसंच तोंडानं खात. ज्यांनी याला वेडाचार म्हटलं, त्यांना ही भक्ती कळलीच नाही. धनी शिकारीला निघाला की त्याच्या घोड्यामागं धावणं, याहून जवळची जागा सेवकाला कोणती मिळणार?

संगमनेर आणि सुप्याच्या मानाच्या उंच काठ्या शिखराला टेकवण्याचा सोहळा याच यात्रेतला. त्या गर्दीत कोळणी डोईवर टाकांची ताटं घेऊन नाचत होत्या.

पौर्णिमेला खाडीला उधाण असतं. डोल जाळ्याला ओढ हवी, आणि ती याच दिवसांत सगळ्यांत जास्त. मासळीचे हे दिवस टाकून ही माणसं देवाकडं आली होती. संध्याकाळी काकींचा मुलगा म्हणाला, उद्याच्या भरतीला होडी लोटायचीय. आणि अंगावरचा भंडारा न झटकताच सगळे बसमध्ये चढले.