कर्सर लुकलुकेपर्यंत

टर्मिनल उघडलं की आधी काळा पडदा येतो, मग कर्सर. मधला वेळ दशांश सेकंदाचा असेल तर जाणवतही नाही; दोन सेकंदांचा झाला, की बोटं कळफलकावर ताटकळतात. बीडमध्ये बसून पुण्याचं काम करणाऱ्याला लाइट जाणं, रेंज जाणं यांची सवय असते. त्यांच्या नावानं खडे फोडायची सोयही असते. या दोन सेकंदांसाठी मात्र बोट दाखवायला कुणी सापडत नाही. मग बिचाऱ्या लॅपटॉपवर खापर फुटतं: म्हातारा झाला आता.

खापर फोडण्याआधी टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा ऐकणाऱ्या शेलला, म्हणजे झेडशेलला, 'एफ'चा पर्याय देऊन बघावं. मग ते आपली सजावट न वाचता उघडतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कर्सर हजर होतो. लॅपटॉप निर्दोष सुटला. शेलही सुटलं, बॅश १९८९चं, झेडशेल १९९०चं, आजच्या मानानं दुबळ्या यंत्रांवर वाढलेलं. उरते ती होम फोल्डरातली, टिंबानं नाव सुरू होणारी लपलेली फाइल, डॉट झेडएसएचआरसी. दर नव्या खिडकीला शेल ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इमानेइतबारे वाचतं. आपण काय काय लिहून ठेवलंय ते आपण विसरलेलो असतो. शेल विसरत नाही.

बीडजवळच्या निजामशाही काळातल्या खजाना विहिरीचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, मोट न लावता, नुसत्या उताराच्या बळावर बलगुजारच्या शिवाराकडे जातं. अशा नहरींना ठिकठिकाणी वर उघडणारे उच्छ्वास ठेवलेले असतात. पाणी कुठं तुंबलंय हे कळायला सगळी नहर उकरावी लागत नाही. एकेका उच्छ्वासातून वाकून बघायचं. शेलचं दुखणंही असंच शोधायचं असतं. फाइलच्या पहिल्या ओळीत झेडप्रॉफ नावाचं मोड्यूल बोलवायचं आणि शेवटच्या ओळीत त्याच्याकडे हिशेब मागायचा. बॅश असेल तर 'सेट एक्स' लावून पीएस-फोर या व्हेरिएबलमध्ये घड्याळ बसवायचं. मग प्रत्येक आज्ञेआधी वेळ उमटत जाते, आणि जिथं काटा उडी मारतो तिथं गाळ.

झेडप्रॉफचा तक्ता मोठा निर्विकार असतो. कोणतं फंक्शन किती वेळा चाललं, किती मिलिसेकंद खाल्ले, शंभरातला वाटा किती. वरच्या ओळीत बहुतेकदा एनव्हीएम भेटतं, नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं. कधीकाळच्या एका प्रोजेक्टसाठी घातलेलं. खाली कॉम्पइनिट, टॅब दाबल्यावर शब्द पुरा करून देणाऱ्या सोयीची तयारी. ते दोनदा चाललेलं दिसलं तर समजावं, एकदा शेलवर चढवलेल्या तयार चौकटीनं बोलावलं, एकदा आपण. फाइलीत कुठंतरी पायथनची पॅकेजेस सांभाळणारा कोंडाही असतो. तो दर वेळी पायथनला उठवून बसवतो. एखादी ओळ इंटरनेटवर काही विचारायला जाते, आणि रेंज नसली की तिथंच खोळंबते.

यातली एकही ओळ चुकीची नव्हती. कुठली नोकरी लागली त्या आठवड्यातली, कुठली मित्रानं फोनवर सांगितलेली. त्या त्या दिवशी प्रत्येकीची गरज होती. गरज सरली, ओळ राहिली. म्हणून डिलीटचं बटण दाबताना हात किंचित रेंगाळतो.

सगळं पुसायचीही गरज नसते. एनव्हीएमला सांगता येतं, हाक मारली तरच ये. मग त्याचा वेळ ज्या दिवशी नोड लागेल त्याच दिवशी जातो. कॉम्पइनिट एकदाच पुरतं. आणि जी ओळ ठेवायची, तिच्या डोक्यावर हॅशची खूण करून लिहावं: कशासाठी घातली, केव्हा. हॅशच्या पुढचं शेल वाचतं आणि सोडून देतं. त्यात मिलिसेकंदाचाही तोटा नाही. सगळी फाइल शेलसाठी लिहायची, ही एक ओळ दोन वर्षांनी ती उघडणाऱ्या आपल्यासाठी.