कुमसाराला जाण्याआधी

बांदा, जि. सिंधुदुर्ग

चि. बाबूस,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. खोलीतल्या मित्राशी वाजलं, रविवारी तिथल्या चर्चमध्ये कुमसार केलंस, पापं कबूल केलीस, फादरांनी पापक्षमा दिली, तरी तो अजून तोंड फिरवून बसतो. मग कुमसाराचा उपयोग काय, असं तू विचारतोस. खाली सहज आणखी एक विचारलंयस, की गुड फ्रायडे जवळ आला की आजी पाठच्या दाराने शेजाऱ्यांकडे का जायची. ती गोष्ट तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. तुझ्या जन्माआधीची आहे.

एका पावसाळ्यात पाठचा गडगा ढासळला. पुन्हा चिरे रचताना आपल्या माणसांनी तो शेजाऱ्यांच्या बाजूला हातभर सरकवला. त्यांनी विचारलं, तर आपल्याकडून कोणी कबूल होईना. बोलणं बंद झालं. नाताळातलं दोदोल तिकडे गेलं नाही, चवथीच्या नेवऱ्या इकडे आल्या नाहीत. पुढे उपवासकाळात आजी कुमसाराला गेली. फादरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हे शेजाऱ्यांना सांगितलंस का? आजी भर उन्हात घरी आली, आणि डोक्यावरचा पदरही न काढता पाठच्या दाराने थेट त्यांच्या खळ्यात गेली. मी मागोमाग होते. शेजारीण तुळशीजवळ वाल सोलत बसली होती. आजी म्हणाली, "गडगो आमीच सरकवलो गे. चूक आमची. माका माफ कर."

पुढे एक शब्द नाही. गड्यांनी परस्पर केलं, पावसात खूण गेली होती, असलं काहीच तिने पुढे केलं नाही. शेजारीण काही न बोलता सूप उचलून आत गेली. आजीने दुसऱ्याच दिवशी माणसं लावून गडगा जुन्या जागी आणला. उत्तर त्या वर्षी मिळालंच नाही. पण चवथीला नेवऱ्यांचं ताट आलं. तेव्हापासून भांडण असो नसो, गुड फ्रायडेच्या आधी आजी तिकडे जाऊन येत असे.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढून बघ. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असं येशू सांगतो. तुझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हा तिथे प्रश्नच नाही. शुभवर्तमानातल्या जक्कयानेही येशूचं घरी नुसतं स्वागत करून भागवलं नाही, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला. फादरांच्या तोंडून मिळालेली देवाची क्षमा खरीच आहे, बाबू. पण ज्याला दुखावलं त्याच्या वाट्याची क्षमा देवाकडून परस्पर उचलता येत नाही.

माफी मागणं हे एकट्यादुकट्याचंच काम नाही, चर्चचंही आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांना अंगणात तुळस ठेवायलाही बंदी केली. त्या काळात हिंदू आणि नवे ख्रिस्ती, दोघेही सीमा ओलांडून मुलूख सोडत होते. 12 मार्च 2000 ला, उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाचाही त्यात उच्चार होता. ऐंशीला टेकलेला, हात कापणारा तो माणूस क्रुसाला ओठ लावतो, ते दृश्य पाहून मला रडू आलं. तरी गोव्याचं नाव घेतलं असतं तर अधिक बरं झालं असतं, असं मला वाटतं. आजीने गडग्याचं नाव घेतलं होतं.

आणि माफी मागणाऱ्याला किती लांब जावं लागतं ते समंदर सिंगला विचारावं. गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवणाऱ्या सिस्टर राणी मारियांना त्याने 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला निघालेल्या बसमध्ये भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. 2006 मध्ये सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईच्या दारात गेला. लेकीच्या रक्ताने माखलेले ते हात त्या माउलीने हातात घेऊन चुंबले. 4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारिया धन्य घोषित झाल्या, तेव्हा तोही तिथे होता. ती आई त्याला नाही म्हणाली असती, तरी त्याचं जाणं योग्यच ठरलं असतं.

तुझं भांडण त्या मानाने भाड्याच्या पैशांचं. मेसेज पाठवू नकोस. त्याच्यासमोर बस, तू काय केलंस तेवढंच सांग, 'पण' म्हणू नकोस, आणि पैसे तुझ्याकडे निघत असतील तर आधी देऊन टाक. तो लगेच बोलेल अशी अपेक्षा धरू नकोस. येत्या रविवारच्या मिस्साच्या आत हे कर, आणि मला कळव.

तुझी,
आत्या