जमा केलेलं पिस्तूल

पोलीस अधिकाऱ्याची निवृत्ती जवळ आली की कागदांची धावपळ सुरू होते. निवृत्तिवेतनाचे अर्ज, सेवापुस्तकातल्या नोंदी, ना-देय प्रमाणपत्र. त्या गर्दीत एक काम वरकरणी किरकोळ वाटतं: कमरेचं पिस्तूल शस्त्रागारात जमा करणं. तिथे पिस्तुलाचा क्रमांक पडताळतात, मॅगझीन काढून काडतुसं मोजतात, नोंदवहीत सही घेतात.

माझे मामा महाराष्ट्र पोलिसांत फौजदार होते. वयाच्या ५८व्या वर्षी, महिनाअखेरीस निवृत्त झाले. पुढे कित्येक दिवस घराबाहेर पडताना त्यांचा उजवा हात आपसूक कमरेशी जायचा. शस्त्र हरवलं तर नोकरीवर गदा, भलत्याच्या हाती लागलं तर कुणाचा तरी जीव. ही धास्ती त्या हातात मुरलेली होती. पिस्तुलाचा रुबाब आम्ही भाच्यांनी पाहिला, त्याचा घोर मामींनी.

अमेरिकेत अनेक पोलीस खाती निवृत्त होणाऱ्याला त्याचं शस्त्र भेट किंवा विकत देतात. २००४च्या एका कायद्याने तर पात्र निवृत्त अधिकाऱ्यांना देशभर शस्त्र लपवून बाळगायची मुभा दिली. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली निवृत्त फौजदारही परवान्यासाठी अर्ज करतो आणि ९ एमएमचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ज्याने गुंडांना गजाआड केलं, त्याला हे कठोर वाटणारच; त्याच्या संरक्षणाची काळजी खात्याने घ्यायलाच हवी. तरीही आपली रीत मला पटते. माणसावर शस्त्र रोखण्याची मुभा वर्दीतल्या कामापुरती असते, कायद्याला जाब देण्याच्या अटीवर. काम संपलं की ती परत करण्यात कमीपणा नाही.

मामांनी उभ्या नोकरीत सरावाच्या मैदानाबाहेर एकही गोळी झाडली नाही. दंगलीतल्या जमावासमोर नाही, दरोडेखोरांच्या मागावर नाही. झाडलेल्या गोळ्यांना पदक मिळू शकतं. आवरलेल्या हाताची नोंद सेवापुस्तकातही होत नाही. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना त्या आवरलेल्या हाताचा उल्लेख व्हावा, असं मला मनापासून वाटतं. नाशिकच्या अकादमीतून आलेल्या नव्या फौजदाराच्या हाती ते पिस्तूल पडेल, तेव्हा आधीच्या माणसाने ते कसं सांभाळलं, हेही त्याला कुणीतरी सांगायला हवं.