आखाजीची घागर आणि मुक्ताईचें मेहूण

अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशांत ‘आखाजी’ म्हणतात. वैशाखाच्या रणरणत्या उन्हांत सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाच्या फांद्यांना झोके लागतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांचें जेवण होतें. परंतु पितरांची घागर भरण्याचा दिवसही हाच. पाण्यानें भरलेल्या घागरीवर मातीचें लहान पात्र व त्यावर खरबूज, आंबे ठेवून गेलेल्यांचें स्मरण करावयाचें असतें. भावंडांची भेट आणि वडीलधाऱ्यांचा वियोग हीं दोन्हीं अशीं एकाच दिवशीं दारांत येतात.

गेल्या आखाजीस जळगांवांतील माझ्या शेजारीं तीन भावंडें आईच्या मृत्यूनंतर प्रथमच एकत्र जमलीं. वाड्याच्या वांटणीवरून दोघां भावांत जुना अबोला; धाकटी बहीण धुळ्याहून आलेली. विभक्तांचें पितृकार्य निराळें, असें म्हणून भावांनीं एकाच ओसरीवर दोन घागरी भरल्या. बहिणीनें दोहोंस हळदकुंकू वाहिलें. पण त्या दिवशीं ती जेवली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिच्या आग्रहावरून भुसावळमार्गें आम्ही मुक्ताईनगरकडे निघालों. पूर्वीचें एदलाबाद तें हेंच. वाटेंत तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचें हेमाडपंती देवालय पाहिलें. काळ्या दगडाच्या त्या गाभाऱ्यांत भर दुपारींही गारवा होता. तेथून तापीकांठच्या मेहुणास गेलों. मुक्ताईचीं मंदिरें मेहुणास व कोथळीस, अशीं दोन्ही ठिकाणीं आहेत.

आईबापांनीं देहांत प्रायश्चित्त घेतल्यावर पोरकीं झालेलीं तीं चार भावंडें कोणास ठाऊक नाहींत? लोकनिंदेनें उद्विग्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हां ती उघडविली सर्वांत धाकट्या बहिणीनें. पुढें 1296 मध्यें आळंदीस ज्ञानदेवांनीं समाधि घेतली. पाठोपाठ सासवडास सोपानदेवांनीं. आणि 1297 च्या वैशाख वद्यांत या तापीतीरीं वीज कडाडली व मुक्ताई अंतर्धान पावली, अशी परंपरा आहे. मागें उरले थोरले निवृत्तिनाथ. लवकरच तेही त्र्यंबकेश्वरीं समाधिस्थ झाले.

नदीकांठीं बसलों असतां बहीण म्हणाली, “दादा, निवृत्तिनाथांजवळ शेवटीं एकही भावंड उरलें नव्हतें. आपण तिघें अजून आहोंत.”

थोरला कांहीं बोलला नाहीं. धाकट्यानें तांब्या भरून आणला आणि प्रथम त्याच्यापुढें धरला. थोरल्यानें तो घेतला व बऱ्याच वेळानें मला विचारलें, “गुरुजी, आईच्या वर्षश्राद्धाचें कसें करावें?”

मी म्हणालों, “शास्त्र असें आहे कीं, धन वांटलें गेलें तरी पहिल्या वर्षाचीं षोडश श्राद्धें एकानेंच करावयाचीं. आईची वांटणी शास्त्रालाही मान्य नाहीं.”

वाड्याचा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं, अजूनही सुटलेला नाहीं. परंतु वर्षश्राद्ध एकाच घरीं व्हावयाचें ठरलें, आणि परततांना तिघांनीं एका शिदोरींतून खाल्लें.

वाचकांपैकीं कोणास या बाजूस येणें झाल्यास ज्येष्ठाच्या आरंभीं यावें. तेव्हां येथून मुक्ताईची पालखी पंढरपुरास निघते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची, आळंदीहून ज्ञानदेवांची, सासवडाहून सोपानदेवांची अशा पालख्या येतात आणि आषाढांत वाखरीच्या माळावर चारही भावंडांची भेट होते. खानदेशची ही लेक त्या भेटीसाठीं महिनाभर वाट चालते.